औषधावर फवारलेले ‘औषध’

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली. थान हातात घेतले की सूत कोणते, हे बोटांनाच कळते. जडीबुटीच्या व्यापारात मात्र मुरलेला अत्तारही एका ठिकाणी फसतो. मालात कीटकनाशकाचा अंश आहे की नाही, हे डोळ्याला दिसत नाही आणि बहुधा नाकालाही कळत नाही.

कामठीत सर्दी-खोकला झाला की आजही घरोघर जोशांदा उकळतो. उन्नाब, सपिस्तान, मुलेठी, गुलबनफ्शा अत्ताराकडून येतात. इसबगोल, मेथी, कलौंजी, हळद तर खाण्यातल्याच वस्तू. म्हणून हा प्रश्न फक्त हकीम-वैद्यांचा नाही, तुमच्या-आमच्या ताटाचाही आहे.

आपल्या विदर्भात शेतकरी फवारणीच्या विषालाही ‘औषध’च म्हणतो. ते किती जहाल असते, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अश्वगंधा किंवा तुळशीचे शेत कपाशीला लागून असेल, तर वाऱ्याबरोबर तेच विष तिकडेही जाते. शिवाय औषधी पिकांसाठी म्हणून मंजूर झालेली कीटकनाशके फार थोडी. त्यामुळे कपाशीचे उरलेलेच त्यांच्यावर मारले जाण्याचा धोका असतो.

पाला सुकला की पाणी उडते, विष मात्र बरेचसे मागे राहते. म्हणजे किलोमागे त्याचे प्रमाण वाढते. धुतल्याने वरवरचा अंश जातो, झाडात भिनलेला जात नाही. उकळल्याने काही विष नष्ट होते, तर काही काढ्यात उतरते.

गोदामाचेही तसेच. पूर्वी कापडाला कसर लागू नये म्हणून गोदामात गॅमेक्झिन पावडर टाकत. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. कापड धुऊन वापरता येते, जडीबुटी थेट पोटात जाते, हा फरक विसरू नये.

परदेशी गिऱ्हाईक आता प्रयोगशाळेचा अहवाल मागते. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात अडकली आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. २०२० साली भारतीय तिळात इथिलीन ऑक्साईड सापडल्यावर युरोपने तपासणी कडक केली. हा जंतू मारण्यासाठी वापरला जाणारा वायू आहे, त्याने कर्करोगाचा धोका असतो. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने याच कारणाने काही भारतीय मसाले रोखले. द्राक्षवाल्यांनी मात्र यातून मार्ग काढला. कोणत्या बागेचा माल कोणत्या पेटीत गेला, याची नोंद आता राहते आणि निर्यातीपूर्वी नमुना तपासला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००३ साली औषधी वनस्पतींची लागवड आणि तोडणी कशी करावी, याचे नियम सांगितले आहेत.

आपल्या लहान दुकानदारांनी काय करावे? एक, माल कोणत्या गावचा आणि शेवटची फवारणी कधीची, हे विचारून वहीत लिहावे. दोन, गुलकंदासाठी हारांचा गुलाब घेऊ नये. तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो आणि त्यावर तोडणीच्या तोंडावरही फवारणी झालेली असू शकते. फवारणी न करणाऱ्या शेतकऱ्याकडूनच फूल घ्यावे, दोन पैसे जास्त पडले तरी चालेल. तीन, खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या पोत्यांत जडीबुटी भरू नये. चार, तपासणीचा खर्च एकट्याला झेपत नाही, तेव्हा एकाच ठिकाणचा माल घेणाऱ्या पाच-दहा जणांनी मिळून नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा.

हे वाचून कोणी औषध टाकून देऊ नये, असे माझे सांगणे आहे. पण आजारी माणूस आपल्यावर भरवसा ठेवून पुडी नेतो. कापडात खोट निघाली तर थान परत घेता येते. पोटात गेलेली पुडी परत घेता येत नाही.