ग्राउंड लूप म्हणजे काय?

काल जुन्या ‘पुष्पक’ विमानाचा फोटो टाकला, तर बऱ्याच जणांनी विचारलं: हे उतरवायला एवढं अवघड का?

एचएएलचं पुष्पक पहिल्यांदा उडालं १९५८ मध्ये. दोन मोठी चाकं पुढे, छोटं चाक शेपटीखाली.

गोम अशी, की वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. विमान जरा तिरकं टेकलं की मागचं वजन पुढे यायला बघतं, वळण वाढतच जातं. हाच ग्राउंड लूप. मॉलमधली ट्रॉली उलटी ढकलून बघा!

पंखाचं टोक घासतं, कधी चाकाचा पायही मोडतो.

खरी परीक्षा टेकल्यानंतर. वेग उतरला की रडरवरचा (शेपटीच्या सुकाणूवरचा) वारा कमी होतो, पकड ढिली पडते. म्हणून पेडलवर सतत छोटे दाब, एलेव्हेटरने शेपूट खाली दाबलेली, आडव्या वाऱ्यात एलेरॉन (पंखांवरच्या झडपा) वाऱ्याकडे.

ब्रेक? जपूनच. जोरात दाबले तर नाकावर.

अजून काही विचारायचंय?