सासूबाईंची कारकीर्द

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या बाजारात रोहिणी हट्टंगडी हे नाव घेतलं, तर पन्नाशीपुढची एखादी बाई जरा थांबून आठवेल. 'चार दिवस सासूचे'मधली आशाबाई म्हणा, लगेच ओळख पटते. "ती व्हय? लई खवट बया! पण तिच्याबिगर त्या घराचं पान हलत नव्हतं, माय." बाफ्टा, कस्तुरबा हे सगळं पुढचं. आधी आशा देशमुख.

'ईटीव्ही मराठी'वर ही मालिका 2001च्या अखेरीस सुरू झाली आणि 2013च्या जानेवारीत संपली. तीन हजारांहून जास्त भाग झाले. मालिका लागली तेव्हा पहिलीत असलेली मुलगी ती संपेपर्यंत बारावीला गेली होती. आशाबाईंच्या समोर कविता लाड यांची अनुराधा, म्हणजे सून. घराणं देशमुखांचं, मोठं, पैशाअडक्याचं, मानापानाचं. लातूर जिल्ह्याला यात वेगळीच गंमत होती. त्या काळातली बरीच वर्षं राज्याचे मुख्यमंत्री होते बाभळगावचे विलासराव देशमुख. त्यामुळे वाड्यातलं राजकारण कोणत्या देशमुखांचं, यावर पारावर कोट्या व्हायच्या.

पण मुरुडसारख्या गावात मालिका बघणं सरळ नव्हतं. लातूर-बार्शी रस्त्यावरचं हे मोठं गाव, पूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीचं स्टेशन. बाजारपेठ आहे, शाळा-कॉलेज आहे, केबलही लवकर आली. नव्हती ती वीज. 2005च्या पुढे काही वर्षं मराठवाड्यात भारनियमनाने कहर केला होता, खेड्यांत बारा-बारा तास लाइट नसायची. भाग रंगात यावा आणि पडदा काळा व्हावा, हे नेहमीचंच. मग दुसऱ्या दिवशीचं पुनःप्रसारण, तेही चुकलं तर शेजारीण. "काल काय झालं वो? आमची लाइट गेली." एवढ्या प्रश्नावर भिंतीपलीकडून अख्खा भाग ऐकायला मिळायचा, सांगणारीच्या टीकाटिप्पणीसह.

दैनंदिन मालिका फार रेंगाळतात, एकाच वाक्यावर चार चेहरे तीन-तीनदा दाखवतात, अशी शहाण्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. पण या मालिका बघणाऱ्या बाईपुढे तव्यावर भाकरी असते. ती भाग बघते कमी, ऐकते जास्त. एक भाकरी थापून, तव्यावर टाकून, पाणी लावून, उलटून ती चुलीपासून उठेपर्यंत गोष्ट फार पुढे गेली तर तिचा धागाच तुटतो. आणि ऐकायचंच असेल, तर आवाज कुणाचा हे महत्त्वाचं. आशाबाई मालिकेत ओरडल्या तरी शब्द पुसट होत नसे, आणि आवाज खाली आणून बोलल्या तरी स्वयंपाकघरात कळायचं की आता अनुराधेचं काही खरं नाही. माझ्या मते रोहिणीताईंच्या मालिकेतल्या यशाचं मर्म इथे आहे, आणि ते थेट रंगभूमीवरून आलेलं आहे.

मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या ओक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली त्या शिकल्या आणि 1974मध्ये तिथून बाहेर पडल्या. सहाध्यायी जयदेव हट्टंगडी पुढे पती झाले, आणि त्यांच्या कित्येक नाटकांचे दिग्दर्शकही. या बाईंनी यक्षगान केलं, जपानी काबुकी केलं. दोन्ही परंपरेने पुरुषांचे प्रकार, दोन्हींत आवाज आणि अंग पार पिळून घेतलं जातं. शिवाय 'अपराजिता' हा एकपात्री प्रयोग, म्हणजे तासभराहून जास्त वेळ रंगमंचावर दुसऱ्या कुणाचा आधार नाही. इतकी तालीम झालेल्या गळ्याला स्टुडिओतला मायक्रोफोन म्हणजे चैनच.

रिचर्ड अॅटनबरोंच्या 'गांधी'त (1982) त्या कस्तुरबा झाल्या. तरुण कस्तुरबापासून आगाखान पॅलेसमधल्या अखेरीपर्यंतचं सगळं वय एकाच नटीने उभं केलं. पुढच्या वर्षी लंडनहून सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा मिळाला. तो 'रेड्स'मधल्या मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून होता.

त्यानंतर जे झालं त्यात आपल्या सिनेमाचा आळशीपणा दिसतो. एकदा पांढरे केस शोभले, की झालं. 'सारांश'मध्ये (1984) त्या प्रधानबाई, मुलगा गमावलेली म्हातारी आई. त्या स्वतः तेव्हा तिशीच्या घरात, आणि नवऱ्याचं काम करणारा अनुपम खेर तर तिशीही न गाठलेला. 'अग्निपथ'मध्ये (1990) त्या अमिताभ बच्चनच्या आई, आणि अमिताभ त्यांच्याहून वयाने मोठा! मध्येच 'चालबाज'मधली (1989) कजाग अंबा मिळाली आणि त्यांनी ती इतकी चवीने केली, की पुढच्या आशाबाईंची बीजं मला तिथेच दिसतात. 'अर्थ'साठी फिल्मफेअर, 'पार्टी'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 2004मध्ये संगीत नाटक अकादमी. पुरस्कारांना तोटा नव्हता. तोटा होता तो मध्यवर्ती भूमिकांचा. तो मराठी मालिकेने भरून काढला, हे कबूल करायला नाट्यसमीक्षकांना जड जातं.

मालिकेचं काम बाहेरून दिसतं तितकं ऐषारामाचं नाही. दिवसाला एक भाग उरकायचा, म्हणजे बारा-तेरा तासांची पाळी. कधी पानं सकाळी सेटवर हातात पडतात. पाठांतराला वेळ मेकअपच्या खुर्चीतला. दरवाजातून आत येण्याचा प्रसंग आज आणि सोफ्यावर बसण्याचा चार दिवसांनी, तरी साडी तीच, कुंकू तेवढंच आणि राग मागच्या वेळी सोडला होता तिथूनच उचलायचा. नाटकात भूमिकेचा शेवट ठाऊक असतो, त्यावर चढण बेतता येते. इथे शेवट लेखकालाही ठाऊक नसतो. टीआरपी घसरला, की काल मऊ झालेली सासू उद्या पुन्हा दात-ओठ खायला लागते. हे पटवून देणं नटीच्या माथी.

हा धंदा इंग्रजांकडे आपल्याहून कितीतरी जुना. तिकडची 'कोरोनेशन स्ट्रीट' 1960 पासून चालू आहे. जून ब्राउन या अभिनेत्रीने 'ईस्टएंडर्स'मधली सिगारेट ओढणारी, बायबल सांगणारी डॉट कॉटन 1985मध्ये हाती घेतली आणि मधली काही वर्षं सोडता 2020पर्यंत केली. 2008मध्ये एका अख्ख्या भागात त्या एकट्याच होत्या, समोर फक्त टेपरेकॉर्डर. त्यासाठी बाफ्टाचं नामांकनही झालं. तिकडे मालिकेतून बाफ्टाच्या दारापर्यंत पोचलेली बाई, इकडे बाफ्टा घरात ठेवून मालिकेत आलेली. दोघींनाही एकटीने प्रसंग पेलायची सवय होती. मात्र तिकडे मालिकेतल्या कामाला अभिनय म्हणून मोजलं गेलं. आपल्याकडे 'मालिकावाली' म्हणताना अजूनही नाक मुरडलं जातं.

आशाबाई संपल्या त्याच वर्षी 'झी मराठी'वर 'होणार सून मी ह्या घरची' आली. गोखल्यांच्या घरात सुनेवर हुकूम चालवायला सासवांची फौजच, आणि सगळ्यांवर रोहिणीताईंची भागीरथीबाई, म्हणजे आईआजी. शहाणी, प्रेमळ, नातवाच्या पाठीशी उभी. मुरुडला ती सहजी पचली नाही. पहिले कित्येक दिवस बायका ही म्हातारी कधी उलटते याची वाट बघत होत्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी तर निकालच देऊन टाकला, "गोड बोलायलीय आत्ता. बघा तुम्ही, थोडे दिवस जाऊ द्या."