विश्लेषण : एक लिटर पेट्रोलमागे पाणी किती? हिशेब मुंबई हायपासून हिंगोलीच्या उसापर्यंत

१२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली रेल्वेगाडी पहाटे लातूरला पोहोचली. १० वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पिण्याचे पाणी होते. त्या गाडीचे फोटो देशभर फिरले. एक तपशील मात्र बहुतेकांच्या लक्षात राहिला नाही. या वाघिणी मुळात तेल वाहून नेण्यासाठीच्या होत्या. राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत त्या वाफेने धुऊन काढल्या आणि मगच त्यात पाणी भरले गेले.

तेल आणि पाणी यांचे नाते फक्त वाघिणीपुरते नाही. जमिनीखालून तेल काढायला पाणी लागते. तेलासोबत पाणी वरही येते. कच्च्या तेलाचे पेट्रोल करायला पाणी लागते. आता तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलसाठी शेतातही पाणी लागते. हिंगोली जिल्ह्यात तेलाची एकही विहीर नाही, रिफायनरीही नाही. तरीही हा हिशेब हिंगोलीकरांनी समजून घ्यायला हवा. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

तेलाच्या विहिरीतून पाणी कसे येते?

जमिनीखाली तेलाचे तळे नसते. खडकाच्या बारीक छिद्रांमध्ये तेल, वायू आणि खारे पाणी एकत्र अडकलेले असते. विहीर नवी असते तेव्हा आतल्या दाबाने तेल वर येते. वर्षे सरतात तसा दाब कमी होतो, तेलाचे प्रमाण घटते आणि पाण्याचे वाढते. जगभराचा ढोबळ आकडा असा दिला जातो की एका बॅरल (१५९ लिटर) तेलामागे सरासरी तीन बॅरल पाणी बाहेर येते. खूप जुन्या क्षेत्रांत वर येणाऱ्या द्रवात ९० टक्क्यांपर्यंत पाणीच असू शकते.

हे पाणी पिण्याचे तर सोडाच, शेतीच्याही कामाचे नसते. त्यात क्षार, तेलाचे सूक्ष्म थेंब, काही ठिकाणी जड धातू आणि वापरलेली रसायने असतात. म्हणून तेल कंपनी जबाबदार आहे की नाही, हे ती या पाण्याचे काय करते यावरून कळते.

मुंबई हायमध्ये पाण्याचा वापर कसा होतो?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, अरबी समुद्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजावरून केलेल्या खोदकामात तेल सापडले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हेच ओएनजीसीचे मुंबई हाय.

काही वर्षांत इथेही खडकातला दाब कमी होऊ लागला. त्यावरचा उपाय म्हणजे वेगळ्या विहिरींतून खडकात पाणी दाबून भरणे, म्हणजे ते पाणी तेलाला उत्पादन विहिरीकडे ढकलते. मुंबई हायमध्ये यासाठी गोडे पाणी लागत नाही, समुद्राचेच पाणी वापरले जाते. मात्र ते तसेच भरता येत नाही. आधी गाळावे लागते, नाहीतर खडकाची छिद्रे बुजतात. त्यातला प्राणवायू काढावा लागतो, नाहीतर पाइप गंजतात. जिवाणूंचाही बंदोबस्त करावा लागतो, कारण काही जिवाणू विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात.

जिथे खारे पाणी चालते तिथे गोडे पाणी वापरायचे नाही, हा जबाबदार वापराचा पहिला नियम. समुद्रात तो पाळणे सोपे आहे. पण वाळवंटात?

बाडमेरने काय केले?

राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात २००४ मध्ये ‘मंगला’ हे मोठे तेलक्षेत्र सापडले आणि २००९ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. पाऊस मराठवाड्याहूनही कमी. खडकात भरायला पाणी आणायचे कुठून? गावाच्या विहिरी किंवा कालव्याचे पाणी घेतले असते तर संघर्ष अटळ होता. तिथे थुंबली भागातील खोलवरचे खारे भूजल वापरायचे ठरले. हे पाणी माणसांना किंवा पिकांना उपयोगाचे नव्हते. सोबतच, तेलाबरोबर वर आलेले पाणी पुन्हा खडकात भरायची सोय केली गेली.

म्हणजे पाणी किती वापरले याइतकाच ते कोणाच्या वाट्याचे वापरले हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतातला नियम काय सांगतो?

पर्यावरण संरक्षण नियमांत तेल आणि वायू उत्खननासाठी वेगळी मानके आहेत. समुद्रातील प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात तेलाचे प्रमाण ९५ टक्के तपासण्यांत लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत हवे आणि कोणत्याही तपासणीत १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. ४० मिलिग्रॅम म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण एक थेंब तेल.

जमिनीवरच्या प्रकल्पांसाठी मर्यादा अधिक कडक आहे : लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे चार लिटरमध्ये एक थेंब. हे पाणी जुन्या, बंद विहिरीत सोडायचे असेल तर ते १,००० मीटरपेक्षा जास्त खोलीवरच सोडता येते. आपल्या बोअर ज्या थरातून पाणी घेतात, त्या थराला या पाण्याचा स्पर्शही होऊ नये, हा त्यामागचा उद्देश.

जमिनीत पाणी भरल्याने भूकंप होतो का?

हिंगोलीच्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. परभणी, नांदेडपर्यंत घरे हादरली.

आधी स्पष्ट उत्तर : आपल्याकडे तेल उत्खनन नाही, त्यामुळे या धक्क्यांशी त्याचा काही संबंध नाही. पण जगात असे घडलेले आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात तेलासोबत आलेले खारे पाणी प्रचंड प्रमाणात खोल खडकांत सोडले जात होते. त्यामुळे जुन्या भेगांवरचा दाब बदलला आणि एकेकाळी शांत असलेल्या भागात भूकंपांची संख्या झपाट्याने वाढली. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या यंत्रणांनी परिसरातील अनेक विहिरींत पाणी सोडणे थांबवायला लावले.

‘पाणी खोल गाडले म्हणजे प्रश्न मिटला’ हे खरे नाही, हा त्यातला धडा. किती भरायचे, किती दाबाने आणि कोणत्या खडकात, हे सगळे मोजावे लागते.

रिफायनरीला पाणी कशाला लागते?

तीन मुख्य कामांसाठी. कच्च्या तेलातले मीठ धुऊन काढण्यासाठी, वाफ तयार करण्यासाठी आणि यंत्रणा थंड ठेवण्यासाठी. यातले बरेचसे पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन उडून जाते. अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासात एक लिटर कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात साधारण दीड लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज मांडला आहे. प्रत्येक रिफायनरीत हा आकडा वेगळा असतो.

सांडपाण्यावरही मर्यादा आहे. भारतीय मानकांत रिफायनरीबाहेर पडणाऱ्या पाण्यात तेल लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतच चालते. आठ लिटरच्या कळशीत एक थेंब, असे समजा. प्रदूषणाची एकूण मर्यादा ठरवताना दर टन कच्च्या तेलामागे ४०० लिटर सांडपाणी हे प्रमाण धरलेले आहे. त्यामुळे घाण पाण्यात चांगले पाणी ओतून ‘आकडा बसवणे’ही कठीण होते.

मुंबईत सांडपाण्यातून पाणी कसे मिळवले?

चेंबूर-माहुल परिसरात बीपीसीएल आणि एचपीसीएलच्या रिफायनऱ्या १९५० च्या दशकापासून आहेत. शेजारी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफचा खत कारखाना आहे. मुंबईला पिण्याचे पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या धरणांतून येते. तेच पाणी कूलिंग टॉवरमध्ये उडवायचे का?

आरसीएफने २००० च्या सुमारास पालिकेचे मैलापाणी शुद्ध करून कारखान्यात वापरायला सुरुवात केली. पुढे दुसरा प्रकल्प उभा राहिला. त्यात रोज सुमारे २ कोटी २७ लाख लिटर मैलापाण्यातून दीड कोटी लिटर वापरण्याजोगे पाणी तयार होते. त्यातला एक वाटा, सुमारे ६० लाख लिटर, बीपीसीएलच्या रिफायनरीसाठी आहे. चेन्नईतील मणलीची रिफायनरीही शहराचे सांडपाणी आणि गोडे केलेले समुद्राचे पाणी वापरते.

दीड कोटी लिटर म्हणजे किती? माणशी रोज १३५ लिटर हा शहरी निकष धरला तर १ लाख ११ हजार लोकांचे पाणी. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास होती.

मग यात हिंगोली कुठे येते?

आता पेट्रोल पंपावर या. तिथले पेट्रोल आता शुद्ध पेट्रोल राहिलेले नाही, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण दीड टक्का होते. २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला.

म्हणजे इंधनाचा पाचवा हिस्सा आता समुद्राखालच्या खडकातून येत नाही, शेतातून येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात याचा हिशेब आहे. एक टन उसापासून १०० किलो साखर किंवा ७० लिटर इथेनॉल मिळते. किलोभर साखरेला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते. त्यावरून एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी.

आपण पुढचा गुणाकार करू. एक लिटर पेट्रोलमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल. ते सगळे उसाचे असेल तर त्यामागे ५७२ लिटर पाणी. पाणीटंचाईच्या गावात दारासमोर जे २०० लिटरचे ड्रम मांडलेले असतात, तसे जवळपास तीन ड्रम. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीसाठी किलोमीटरला ११ लिटरहून अधिक पाणी! रिफायनरीतले दीड लिटर यापुढे किरकोळ वाटते.

मुंबई हायला भरायचे पाणी अरबी समुद्र देतो. उसाचे पाणी मात्र येलदरी-सिद्धेश्वर, इसापूर आणि आपल्या विहिरी-बोअर देतात. वसमतचा पट्टा पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात येतो. ऊस आणि हळद दोन्ही तिथेच पिकतात आणि पाण्याची पाळीही तीच.

म्हणजे इथेनॉल नकोच का?

इतका सरळ निष्कर्ष काढता येणार नाही. एक तर, सगळे इथेनॉल उसाचे नसते. अलीकडे मका आणि तांदळाचा वाटा मोठा आहे आणि मक्याला उसापेक्षा बरेच कमी पाणी लागते. दुसरे, मळीपासून बनलेल्या इथेनॉलला सगळे पाणी चिकटवणे अन्यायाचे ठरेल. ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो, मळी हे त्याचे उप-उत्पादन. तिसरे, शेतकरी ऊस लावतो तो हमखास दराच्या भरवशावर. सोयाबीनचा भाव पडलेला असताना त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही.

पण जो निकष आपण तेल कंपनीला लावतो, तोच इथेही लावायला हवा. पाणी कुठून आले? किती परत वापरले? घाण पाणी कुठे गेले?

आसवनीचे सांडपाणी हा वेगळा विषय का आहे?

तेलाच्या विहिरीतून खारे पाणी येते, तशी आसवनीतून मळीची सांड बाहेर पडते. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी, अतिप्रदूषित सांडपाणी तयार होते. ते ओढ्यात गेले तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. जमिनीत मुरले तर विहिरीचे पाणी रंगते. म्हणून आसवन्यांना ‘शून्य द्रव विसर्ग’ बंधनकारक आहे, म्हणजे आवाराबाहेर थेंबही जाऊ द्यायचा नाही. आटवून, जाळून किंवा खत करून सगळे आतच जिरवायचे.

इथे एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने फक्त मिश्रणासाठी इथेनॉल बनवणाऱ्या आणि शून्य विसर्ग पाळणाऱ्या धान्याधारित आसवन्यांना पर्यावरण मंजुरीच्या ‘ब-२’ गटात टाकले. या गटाला जनसुनावणी लागत नाही. मंजुरी लवकर मिळते हे खरे. पण ज्या गावाच्या शेजारी प्रकल्प येणार, त्या गावाला प्रश्न विचारायची ठरलेली जागा त्यामुळे उरत नाही.

मग गावकऱ्यांनी काय करावे?

मंजुरीची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. प्रकल्पाला रोज किती पाणी मंजूर आहे आणि ते धरणाचे, भूजल की पुनर्वापराचे, हे त्यात लिहिलेले असते. अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो ग्रामसभेत मागता येतो. तक्रार असेल तर ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची. पाण्याचा रंग किंवा वास बदलला की त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा. अशा प्रकरणात उशिरा घेतलेल्या नमुन्याला फारसा अर्थ राहत नाही.

शेतकऱ्याच्या हातात ठिबक आहे, प्रशासनाच्या हातात पाण्याची पाळी आणि इथेनॉलच्या कच्च्या मालाची निवड आहे. मका, खराब झालेले धान्य यांना चांगला दर मिळाला, तर उसावरचा आणि धरणावरचा भार कमी होऊ शकतो.

भर समुद्रातल्या प्रकल्पाला आपण लिटरमागे तेलाचा थेंब मोजायला लावतो. त्याच इंधनाचा पाचवा हिस्सा शेतातून येत असताना तिथले पाणी मात्र अजून कोणी पंपाच्या पावतीवर लिहीत नाही. पुढच्या वेळी टाकी भरताना त्या तीन ड्रमांची आठवण ठेवा.