कुत्र्याची शाळा निवडताना

आमच्या कसालला मुंबई-गोवा हायवे अगदी दारातच. मालवणचा फाटाही इथेच फुटतो, म्हणजे डंपर, एस.टी., टुरिस्टांच्या गाड्या, सगळंच आलं. अशा ठिकाणी हाक मारल्यावर कुत्रा परत येतो की नाही, हा हौसेचा नाही तर त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. यावर वाडीतला ठरलेला उपाय म्हणजे, "फटको बसल्याशिवाय कुत्रो आयकणा नाय." कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना यातली गोची लगेच कळावी.

फीडबॅक उशिरा आला की सिस्टीम भरकटते. कुत्रा रस्त्यावर हुंदडून दहा मिनिटांनी परत आला आणि आपण चार रट्टे दिले, तर त्याच्या हिशेबात ते रट्टे कशाचे? परत येण्याचे! पुढच्या वेळी तो लांबच उभा राहणार. उलट, आल्याआल्या सेकंदाभरात तोंडात खाऊ पडला तर येणं फायद्याचं ठरतं. कृतीच्या परिणामावरून प्राणी शिकतो, हे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर दाखवलं. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने १९४०च्या दशकात प्रयोगशाळेतलं हे तंत्र बाहेर आणून प्राणी शिकवण्याचा धंदाच उभा केला. १९९३च्या मुंबई स्फोटांच्या वेळी आरडीएक्स हुडकणारा 'जंजीर' आपल्याला माहीत आहेच. वास शोधणारे कुत्रेसुद्धा बक्षिसावरच तयार होतात: वास सापडला की चेंडू.

आता क्लास. गावात मिळणं कठीण, कुडाळ-कणकवलीच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी. 'पॉझिटिव्ह ट्रेनिंग' कोणीही लिहितो, पाटीवर जाऊ नका. सरळ विचारा, "कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?" "सोपं करून पुन्हा करायला लावतो" हे चांगलं उत्तर. "बक्षीस देतोच, पण वेळ पडली तर चेनचा झटका" असं ऐकलं की चहा पिऊन निघावं. धाकाने गुरगुरणं बंद होतं, भीती जात नाही; मग तो कुत्रा इशारा न देता चावतो. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

कुत्रा न नेता एक तास नुसतं बसून बघू देतात का, तेही विचारा. शेपट्या पोटाखाली, सारख्या जांभया, ओठ चाटणं दिसलं तर ती शाळा आपली नव्हे. "महिनाभर आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो" ही स्कीम मला पटत नाही. कुत्रा ट्रेनरचं ऐकायला शिकतो, पण हायवेवर हाक मारणार घरातलेच. शिकायचं खरं तर आपल्यालाच असतं. आजी "हंय ये" म्हणणार, भाऊ "कम" म्हणणार, तर बिचाऱ्याने करायचं काय? शब्द एकच ठरवा.

पिल्लू असेल तर पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर, लशीनंतर आठवडाभराने क्लास सुरू करता येतो. फार थांबू नये; नवी माणसं, आवाज सहज स्वीकारण्याचं वय साधारण तीन महिन्यांपर्यंतच असतं.

खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याएवढे तुकडे पुरे. खारं सुकं मासळी नको, मीठ फार. चॉकलेट, द्राक्षं, कांदा तर अजिबात नको, विषारी आहेत. आणि हायवेच्या कडेला पट्टा सोडायचा नाही, कुत्रा क्लासात पहिला आला तरी!