दिवाळीचे दारूकाम आणि मुलांचे डोळे

शोभेच्या दारूकामाची हौस आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना जुनीच. धार काय, देवास काय, पवारांच्या मागोमाग येथे आलेल्या घराण्यांची दिवाळी भुईनळ्या-फुलबाज्यांवाचून साजरी होत नाही. मीही वाड्यावर गाणाऱ्या दरबारी गवयाचा मुलगा. रोषणाईचा तिटकारा मला नाही. पण २०२५ च्या दिवाळीत आपल्या प्रांतात जे घडले, त्यावर चार शब्द लिहिणे भाग आहे.

त्या वर्षी ‘कार्बाइड गन’ नावाची तोफ बाजारात दीड-दोनशे रुपयांना मिळत होती. तिच्यापायी भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या बाजूची शंभराहून अधिक मुले डोळे भाजून इस्पितळांत गेली. काहींची दृष्टी गेली. प्लॅस्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि थोडे पाणी, एवढीच ही तोफ. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि लायटरची ठिणगी पडताच भडकतो. पण बार दर वेळी तत्काळ निघतोच असे नाही. मूल नळीत डोकावते आणि नेमकी तेव्हाच ज्वाळा तोंडावर येते. सोबत उडणारा चुना बुबुळ जाळतो. असे झाल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या कानांचीही मला काळजी वाटते. फटाक्याचा आवाज चार मीटरांवर १२५ डेसिबलांहून अधिक नसावा, असा नियम आहे. पण मुले चार मीटर दूर उभी राहतात कोठे? तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळल्या की नाही, हे ओळखणारा कान बधिर झाला, तर गुरुजी काय शिकवणार?

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२५ रोजी गुजरातेत डीसा येथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन २१ माणसे दगावली. त्यांतील बरीच आपल्याच देवास आणि हरदा जिल्ह्यांतून पोटासाठी गेलेली होती.

दिवाळी करू नये, असे मी म्हणत नाही. भुईनळा मोकळ्या अंगणात, वडीलधाऱ्यांच्या देखत, पाण्याची बादली जवळ ठेवून लावावा. न उडालेल्या फटाक्यावर वाकू नये. कार्बाइडला मात्र उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये. बंदीचे हुकूम निघाले खरे, पण मुलाचा हात हुकूम धरीत नाही. तो घरच्यांनीच धरायचा. नातू रुसला तर रुसू द्यावा. रुसवा पाडव्यापर्यंत जातो. गेलेला डोळा येत नाही.