जुना ट्रक ऑइल पितोय? डबा बदलण्याआधी हे वाचा

मरोद्यासारख्या वस्तीत जुना ट्रक म्हणजे घरातला कमावता माणूसच. भिलाई स्टील प्लांटच्या आसपासची मालवाहतूक, वाळू-गिट्टी, कधी रायपूरची फेरी. असा ट्रक दर आठवड्याला लिटरभर ऑइल मागू लागला की मालक दुकानात जाऊन म्हणतो, "जरा जाड ऑइल द्या." त्याचं अगदीच चुकत नाही, पण तेवढ्याने भागतही नाही.

आधी बघा, ऑइल जातंय कुठे. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग दिसला तर ती गळती. मग ऑइल सील किंवा गॅस्केट बदलायचं, महाग ऑइल ओतून उपयोग नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय: पिस्टन रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो. काळा धूर डिझेल किंवा हवेच्या गडबडीचा, त्याचा दोष ऑइलला देऊ नका. ब्रीदरचा पाइपही तपासा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. हे काम जवळजवळ फुकटात होतं, तरी सगळ्यात शेवटी आठवतं!

मग मोजा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको. जास्त भरलेलं ऑइलही फेसाळून जळतं. १००० किलोमीटरनंतर त्याच जागेवर पुन्हा बघा. ट्रक लिटरला ४ किलोमीटर देत असेल, तर तेवढ्यात २५० लिटर डिझेल लागलं. त्यात १ लिटर ऑइल गेलं असेल तर हिशोब ०.४ टक्के. हा आकडा वहीत लिहून ठेवा. आणि पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर आनंदून जाऊ नका, ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय. गाडी थेट मिस्त्रीकडे न्या.

आता डब्याकडे येऊ. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. छत्तीसगडात ही थंडी कुणी पाहिली? इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून आपल्या कामाचा दुसरा आकडा. १०० अंश तापमानाला ४० नंबरच्या ऑइलचा जाडपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, ५० नंबरचा १६.३ ते २१.९. झिजलेल्या रिंगांमधून जाड ऑइल कमी निसटतं. शिवाय २०डब्ल्यूचं मूळ तेल सहसा जड असतं, म्हणून तापल्यावर कमी उडून जातं.

तेव्हा गाडीच्या पुस्तकात परवानगी असेल तर १५डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० वर जाऊन बघा. परवानगी नसेल तर नको. फार जाड ऑइल सकाळी इंजिन सुरू करताना टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि डिझेलही थोडं जास्त लागतं. डब्यावर डिझेल इंजिनाचा एपीआय दर्जा बघा, सीएच-४ किंवा सीआय-४ असा, पुस्तकात सांगितल्यापेक्षा खालचा नाही. घरात एप्रिल २०२० नंतरचा बीएस-६ ट्रकही असेल तर त्याचं ऑइल वेगळं, कमी राखेचं. उरलेला डबा त्यात ओतू नका, धुराचा फिल्टर तुंबतो.

सुटं ऑइल घेऊच नका. सील बघून घ्या, आणि रिकामा डबा कापून टाका, नाहीतर कुणीतरी त्यात भेसळ भरून पुन्हा विकेल.

ऑइल बदलल्यावर पुन्हा १००० किलोमीटर मोजा. ०.४ चा ०.२ झाला तर ते ऑइल चालू ठेवा. आकडा जागचा हलला नाही, निळा धूरही तसाच राहिला, तर रिंग-लायनरच्या कामासाठी पैसे बाजूला टाकायला लागा. हे काम पावसाळ्यात, फेऱ्या कमी असताना केलेलं परवडतं.