वजिराच्या बलिदानाचा हिशेब

१७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये, रोझेनवाल्ड करंडक स्पर्धेत, तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने काळ्या मोहऱ्यांनी डोनाल्ड बर्न यांना हरवले. हान्स क्मोख यांनी या डावाला ‘शतकाचा डाव’ म्हटले. पोराने वजिराचे बलिदान दिले आणि जिंकला, ही त्याची आख्यायिका. मीही ती वर्षानुवर्षे तशीच सांगत आलो. पट मांडून एकेक खेळी पुन्हा करून पाहिली, तेव्हा ‘बलिदान’ हा शब्दच खटकू लागला.

डावाचे मूळ अकराव्या खेळीत आहे. पांढऱ्याचा किल्लेकोट अजून व्हायचा होता. अशा वेळी बर्न यांनी एकदा हललेला उंट पुन्हा हलवला. फिशरने लगेच घोडा ए-४ या घरात, पटाच्या कडेला, मारासमोर ठेवला. तो मारला तर मधले प्यादे जाते आणि राजासमोरची उभी पट्टी उघडी पडते. बर्न यांनी तो मारला नाही, तरी राजा मध्येच अडकला.

सतराव्या खेळीला काळा वजीर माराखाली होता. घोडा बी-५ वर नेऊन वजिराला वजीर अशी अदलाबदल करू पाहावी, तर पांढरा उंट एफ-७ वर शह देऊन डाव उलटवतो. फिशरने वजीर तसाच ठेवून उंट ई-६ वर नेला. हा उंट मारला असता, तर आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर घोड्याने मात होती. बर्न यांनी वजीर घेतला.

मग वसुली सुरू झाली. उंट आणि घोडा यांच्या आलटूनपालटून शहांमध्ये राजा दोन घरांत येरझारा घालत राहिला. तेवढ्यात काळ्याने वजिराच्या बदल्यात दोन उंट, एक प्यादे आणि पाठोपाठ एक हत्ती मिळवला. पांढऱ्याचा दुसरा हत्ती सत्ताविसाव्या खेळीपर्यंत कोपऱ्यातच बसून होता. संख्येने तो पटावर होता, कामाला नव्हता.

म्हणून हे दान नव्हे, चोख व्यवहार होता. मोहऱ्याची किंमत त्याच्या नावावर नसते, जागेवर असते. तेरा वर्षांच्या मुलाला हे पटावर दिसले, याचे नवल मोठे आहे.

बर्न यांनी डाव सोडून दिला नाही. एकेचाळिसाव्या खेळीला मात होईपर्यंत ते खेळले. म्हणून हा डाव आपल्याला पुरता, शेवटच्या घरापर्यंत मिळाला.